कालची तारीख

तो मंगळवार होता, १५ मार्च २०२२. होळी दोन दिवसांवर आली होती आणि रस्त्याच्या कडेला एरंडाच्या फांद्या आणि गोवऱ्या घेऊन बायका बसायला लागल्या होत्या. आईचा आधार कार्डाचा फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी आमच्या नगरसेविकेच्या, ताईंच्या, जनसंपर्क कार्यालयात गेले. त्या जागेत पूर्वी पिठाची गिरणी होती. गिरणी बंद होऊन वीस वर्षं झाली असतील, पण उन्हं तापायला लागली की भिंतींना अजून ज्वारीच्या पिठाचा वास येतो. बाबा गेल्यावर आई कऱ्हाडहून दोन ट्रंका घेऊन कायमची माझ्याकडे आली होती. तिची पेन्शन इथल्या बँकेत आणायची, तर बँकेला इथला पत्ता हवा. आधारवर पत्ता बदलायचा, तर ती आमच्याकडे राहते असं नगरसेवकाने लिहून द्यायला हवं. एक पानाचा फॉर्म, वर आईचा फोटो, आणि अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर येईल अशी सही आणि शिक्का. पाच मिनिटांचं काम. म्हणूनच तो फॉर्म तीन आठवडे फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला होता.

ताई नेहमीच्या लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. टेबलावर फाइली नव्हत्या, हे आत शिरताना जाणवलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. शाईचा पॅड पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून ठेवलेला होता. त्यांनी फॉर्म दोन्ही हातांनी घेतला, वरून खालपर्यंत वाचला, आईचा फोटो जरा वेळ पाहिला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "वहिनी, काल रात्री बारापर्यंत मी होते. आज नाही."

माझ्या तोंडून लगेच निघालं, "मग कालची तारीख टाका ना."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आजींच्या कागदावर खोटी तारीख कशाला?" आणि मग एका चिठ्ठीवर आमदारांच्या कार्यालयाची वेळ लिहून दिली. मी फोल्डर उचलला, "बरं" म्हटलं आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत तर मी चक्क चिडलेली होते, की एक दिवसाने असं काय बिघडणार होतं. घरी येऊन चहा टाकला आणि दूध उतू जाता जाता लक्षात आलं, की ही बाई पंधरा वर्षं आमची नगरसेविका होती, काल रात्री ती पंधरा वर्षं संपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गेलेली मी तिच्याशी फक्त माझ्या सहीबद्दल बोलून आले. "आता काय करणार?" एवढंसुद्धा विचारलं नाही. काही काटे पायात नीट दिसतात आणि निघतात. हा दिसायचा, पण निघायचा नाही.

पुणे महापालिकेच्या त्या सभागृहाची मुदत १४ मार्चला संपली. मुंबईची आठवडाभर आधी, ७ मार्चला संपली होती. एरवी पाच वर्षं संपली की निवडणूक होते, कुणी पडतो, कुणी परत येतो, गुलाल उधळला जातो आणि त्या धुराळ्यात जाणाऱ्याचं जाणं झाकलं जातं. त्या वर्षी निवडणूकच नव्हती. प्रभागांची रचना, इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा, हे सगळं आपण इतकी वर्षं वाचलं आहे की पुन्हा सांगायला नको. आयुक्तच प्रशासक झाले आणि आमच्या प्रभागाचे चारही नगरसेवक एका रात्रीत माजी झाले. सरकारी कारकून निवृत्त होतो तेव्हा त्याला टेबलावर हार, पेढे, एखादं भिंतीवरचं घड्याळ मिळतं. शाळेतला शिपाई निवृत्त झाला तर मुलं रडतात. नगरसेवकाला निरोप नसतो. पेन्शनही नसते, हे मला फार उशिरा कळलं. पुण्यात मानधन महिना २०,००० रुपये, तेही २०१७ नंतर. त्याआधी त्याहून कितीतरी कमी होतं.

ताईंच्या कार्यालयाबाहेरच्या पाटीवर "मा. नगरसेविका" असं होतं. आपल्याकडे 'मा.' या अक्षराची मोठी सोय आहे. त्यात माननीयही बसतं आणि माजीही. पाटी बदलायची काहीच गरज नव्हती. पण त्याच आठवड्यात रंगारी बोलावून त्यांनी 'माजी' असं पूर्ण लिहून घेतलं. पांढऱ्या पाटीवर तेवढी दोन अक्षरं नव्या रंगाची, जास्त काळी, बरेच महिने उठून दिसायची.

यंदाच्या जानेवारीत, जवळजवळ चार वर्षांनी, निवडणूक झाली. १५ जानेवारीला मतदान, दुसऱ्या दिवशी मोजणी. ताईंनी अर्ज भरला नाही. गुडघे गेलेत, आता जिने चढवत नाहीत, आणि जिने न चढता मतं मागणं मला जमायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आमच्या सोसायटीतल्या, पलीकडच्या चाळींतल्या आणि ओढ्याकाठच्या वस्तीतल्या मंडळींनी ठरवलं, की निदान आता तरी त्यांचा नीट सत्कार करू. गणपती मंडळाचा हॉल, शाल, श्रीफळ, मानपत्र. मी चार ओळी लिहिते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे मानपत्राचं काम माझ्याकडे आलं. मी हो म्हटलं ते त्या काट्यामुळेच.

मानपत्राला एक ठरलेली भाषा असते. 'आपल्या कार्यकर्तृत्वाचा सुगंध', 'आपण अहोरात्र', 'आपल्या दूरदृष्टीतून'. मी कागद घेऊन बसले आणि या शब्दांपुढे ताईंचा चेहरा येईना. त्यांचा चेहरा येतो तो पहाटे साडेपाचला, स्वेटरवर ओढणी गुंडाळलेला, पाणी सोडणाऱ्या वॉलमनशी भांडणारा. त्याच्या हातात ती लांब लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण उघडलेलं, आणि ताई त्याला सांगताहेत की खालच्या गल्लीला वीस मिनिटं कमी सोडलंस तर वरच्या टाकीला दाब येतो हे मला शिकवू नकोस, मी घड्याळ लावून बसले होते. हे मानपत्रात कसं लिहिणार? म्हणून मी त्यांच्याकडे गेले आणि काही कागद असतील तर द्या म्हटलं, कामांची यादी वगैरे. त्या आत गेल्या आणि नातवाच्या हातून एक पोतं बाहेर आलं. पोत्यात १९ वह्या होत्या. फुलस्केप, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या, किराणा दुकानदार उधारी लिहायला ठेवतात तशा.

पहिली वही २००७ ची. त्या वर्षी एका वॉर्डाला एकच नगरसेवक होता आणि सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला होता. ताईंचे यजमान पक्षाचे जुने कार्यकर्ते. वॉर्ड राखीव झाला नसता तर तेच उभे राहिले असते. प्रचाराच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो मोठा आणि यांचा लहान होता. मीही तेव्हा बिल्डिंगच्या खाली उभी राहून म्हटलं होतं, "सही ही करणार, कारभार तो बघणार." मत दिलं होतं, पण असं म्हणून दिलं होतं. पहिल्या वर्षीच्या वहीत अक्षर दोघांचं आहे. वरची तक्रार त्यांच्या ठसठशीत हातात, खालची ताईंच्या बारीक, शाळेतल्या बाईंसारख्या अक्षरात. दुसऱ्या वर्षापासून एकच हात दिसतो. मधे काय घडलं ते वहीत नाही, पण मला एक प्रसंग आठवतो. ड्रेनेजच्या कामासाठी कनिष्ठ अभियंता आला होता आणि तो सगळं यजमानांकडे बघून बोलत होता. ताईंनी त्याला विचारलं, "पाइप किती इंचाचा टाकताय?" तो यजमानांना म्हणाला, "सहा." ताई म्हणाल्या, "मंजूर नऊचा आहे. नकाशा माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही." यजमान हसले, बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसले, आणि मला वाटतं ते त्यानंतर तिथेच बसले. त्या माणसाचंही एक मानपत्र कुणीतरी लिहायला हवं. राखीव जागेमुळे आलेल्या कितीतरी बायकांच्या वाट्याला असा कट्ट्यावर जाऊन बसणारा नवरा आला नाही.

२०१२ ला दोनाचा प्रभाग झाला, २०१७ ला चाराचा. दर वेळी हद्द बदलायची. एकदा आमच्या मागची गल्ली दुसऱ्या प्रभागात गेली. तिथल्या लोकांना आता आपला नगरसेवक दुसरा आहे हे कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी ते ताईंकडेच आले असते. वहीत त्या तक्रारींपुढे एक लहान फुली आहे. त्या म्हणजे हद्दीबाहेरच्या. फुली आहे, पण पुढे 'झालं' असंही आहे.

वह्यांना चार रकाने होते. तारीख, नाव, काम, आणि शेवटचा रकाना रिकामा ठेवलेला, ज्यात नंतर कधीतरी 'झालं' असं तारखेसकट लिहिलं जायचं. चेंबर तुंबलं, झालं. खांबावरचा दिवा, झालं. कुत्र्यांचा त्रास, तिथे दोन-तीनदा 'कळवलं' असून 'झालं' नाही. बालवाडीला पंखा, झालं. एका ओळीत फक्त 'सूनबाईंना समजावणे' असं काम आहे आणि पुढचा रकाना मोकळा. घंटागाडी येत नाही, स्मशानभूमीत लाकडं ओली, रहिवासी दाखला, शाळेचा दाखला, विधवा पेन्शन, परत चेंबर. मी रात्री जेवण आटपून वाचायला बसायची आणि दीड वाजायचा. महापालिका म्हटलं की आपल्यासमोर उड्डाणपूल येतात, मेट्रो येते, हजारो कोटींचं अंदाजपत्रक येतं. या १९ वह्यांमध्ये निम्म्याहून अधिक ओळी पाण्याच्या आणि घाणीच्या होत्या. पाणी घरात आणणं आणि घाण घरातून बाहेर नेणं, शहर नावाची गोष्ट मुळात एवढ्यासाठीच तर केली माणसाने.

एक वही मात्र फुगलेली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, निळी शाई पसरून ढगांसारखी झालेली. ती २०१९ ची.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्याकडे कुणीही तारीख न सांगता 'ती रात्र' म्हणतं. कात्रजकडे पाऊस कोसळला आणि एरवी नाक दाबून ओलांडायचा तो आंबिल ओढा माणसं घेऊन गेला. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत पडून त्याखाली माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून त्या पावसात वीसहून अधिक जीव गेले. आमच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे हॉर्न पाण्याखालून वाजत होते, घुसमटल्यासारखे, आणि एकेक करत बंद पडत होते. चिखल, पेट्रोल आणि ड्रेनेज यांचा मिळून एक वास असतो, तो मला आजही पहिल्या पावसात येतो. रात्री एकच्या सुमाराला ताई छातीभर पाण्यात, हातात पदराचा पिळा आणि दुसऱ्या हातात बॅटरी, वस्तीतल्या बायका-मुलांना शाळेच्या वरच्या मजल्यावर चढवत होत्या. कार्यालयात पाणी शिरलं होतं. वही तिथेच, टेबलावर, तरंगत राहिली.

पण त्या रात्रीचं एवढंच लिहिलं तर ते मानपत्र होईल, खरं होणार नाही. ओढ्याच्या काठाने आमच्या सोसायटीच्या बाजूला एक भिंत बांधलेली होती, आणि भिंतीच्या अलीकडे फरसबंदी करून चालायला रस्ता. ती ताईंनीच त्यांच्या 'स' यादीतल्या, म्हणजे नगरसेवकाच्या वाट्याच्या निधीतल्या, पैशातून करून घेतली होती. पहिल्या पावसाळ्यात आम्ही खूश होतो. आमच्याकडे पाणी आलं नाही, वास कमी झाला, सकाळी फिरायला जागा मिळाली. त्या रात्री तुंबलेल्या ओढ्याला पसरायला जागा उरली नाही. भिंतीने पाणी समोरच्या वस्तीकडे लोटलं आणि मग भिंतच फुटून ते आमच्याकडेही आलं. आठवड्याने सोसायटीच्या गच्चीवर बैठक झाली. सगळे प्रशासनावर तुटून पडले होते. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "भिंत मी बांधायला लावली. ओढ्याची जागा मी घेतली. हे माझ्या नावावर लिहा." कुणी काही बोललं नाही. मी तर नाहीच. कारण भिंत बांधा म्हणून जो अर्ज गेला होता त्यावर सोसायटीच्या सगळ्या घरांच्या सह्या होत्या, आणि पाचवी सही माझी होती. तो अर्ज आता मला त्याच फुगलेल्या वहीत, घडी करून ठेवलेला सापडला. शाई पसरली आहे पण सही ओळखू येते. त्या दिवशी गच्चीवर त्या हा कागद काढून दाखवू शकल्या असत्या. त्यांनी दाखवला नाही, आणि फाडूनही टाकला नाही.

याच्या पुढच्या वहीबद्दल मी फार लिहू शकत नाही. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले तिथून ती सुरू होते आणि एप्रिल २०२१ पाशी ओळी इतक्या दाट होतात की रकान्यांच्या रेघा दिसत नाहीत. बेड. ऑक्सिजन. बेड. इंजेक्शन. डबा, दोन माणसं. बेड. शेवटच्या रकान्यात कुठे 'झालं' आहे, कुठे हॉस्पिटलचं नाव आहे, आणि कितीतरी ठिकाणी काहीच नाही. ती नावं मी ओळखते. एक इस्त्रीवाला, एक गणिताचे सर, एक चौतिसाव्या वर्षी गेलेला मुलगा, ज्याच्या लग्नात मी जेवले होते. 'झालं नाही' असं त्यांनी एकदाही लिहिलेलं नाही. मोकळं सोडलं आहे.

माझं त्यांच्याशी सगळं गोड होतं असं नाही. बागेतल्या आणि बसस्टॉपवरच्या प्रत्येक बाकड्यावर "यांच्या विकासनिधीतून" असं त्यांचं नाव असायचं, आणि मला ते खटकायचं. पैसे आमच्या कराचे, नाव यांचं. एकदा तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, "नाव नसलं की लोक विचारतात, पैसे कुठं गेले. नाव असलं की मोडलेल्या बाकड्यासाठी कुणाला शिव्या द्यायच्या ते कळतं." मला तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. एका गुलमोहरासाठी आम्ही वर्षभर बोलत नव्हतो. सिमेंटच्या रस्त्यात तो येत होता आणि त्या रस्ता हवा म्हणणाऱ्यांच्या बाजूच्या होत्या. झाड गेलं. त्याच्या जागी त्यांनी लावलेला बहावा आता दुसऱ्या मजल्यापर्यंत आला आहे, आणि तो सुंदर आहे, पण मे महिन्यात माझ्या खिडकीत जो लाल उजेड यायचा तो आता येत नाही.

मानपत्राचा विचार करताना जोतीराव फुल्यांची आठवण येत राहिली. १८७६ साली ते पुणे नगरपालिकेत सभासद म्हणून नेमले गेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्च करायचं ठरलं, तेव्हा विरोधात एकटे जोतीराव होते. हा पैसा शिक्षणाकडे द्या म्हणाले. मंडईच्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांनी असाच विरोध केला, आणि ती मंडई आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मी तिथून भाजी आणते. आपण फुल्यांना शाळेमुळे, ग्रंथांमुळे, सत्यशोधक समाजामुळे ओळखतो. पण ते या गावचे नगरसेवकही होते, सभेत बसून खर्चाच्या आकड्यावर हात वर न करणारे, हे मला ताईंच्या वह्या वाचताना पहिल्यांदा जवळचं वाटलं. कारण २००९ च्या वहीच्या मागच्या पानावर ताईंनी मुख्य सभेतली टिपणं काढली आहेत आणि तिथे एका सत्कार समारंभाच्या खर्चापुढे बारीक अक्षरात लिहिलं आहे, "यात तीन अंगणवाड्यांची छपरं होतात." विषय मंजूर झाला होता. त्यांनी विरोध केला का, ते टिपणात नाही. छपरं मात्र त्यांनी हिशोबली होती.

आणि मग शेवटच्या दोन वह्या. १५ मार्च २०२२ पासूनच्या. मला वाटलं होतं वह्या तिथे थांबतील. हातात निधी नाही, लेटरहेड नाही, प्रभाग समिती नाही, सभागृह नाही. त्या चार वर्षांत अंदाजपत्रक प्रशासकच मांडत आणि प्रशासकच मंजूर करत. २०२३ संपेपर्यंत राज्यातल्या सगळ्या महापालिकांची तीच गत झाली. अधिकारी वाईट होते असं मी म्हणणार नाही. आमच्या क्षेत्रीय कार्यालयातला एक उपअभियंता रात्री दोन वाजता तुंबलेलं ड्रेनेज मोकळं करणारी जेटिंगची गाडी घेऊन आलेला मी पाहिला आहे. पण तक्रार ॲपवर टाकली की क्रमांक येतो आणि चार दिवसांनी 'निवारण झाले' असा संदेश येतो. चेंबर तसंच वाहत असतं. त्या संदेशाला दार नसतं, ज्यावर जाऊन थाप मारावी. एक रात्र मला आठवते, पाऊस नव्हता, तरी खालच्या मजल्यावरच्या बाथरूममधून उलटं पाणी यायला लागलं, आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक जिन्यात उभे राहून एकमेकांना विचारत होतो, की आता कुणाला सांगायचं? मग सगळे ताईंकडेच गेलो. त्यांनी दार उघडलं. मी आता नगरसेविका नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. "थांबा, फोन लावते," म्हणाल्या. फोनवर मात्र स्वतःची ओळख 'माजी' अशीच दिली. साहेब ओळखतील की नाही या शंकेने त्यांचा आवाज जरा चढला होता, आणि तो चढलेला आवाज ऐकून मला खाली बघावंसं वाटलं.

या दोन वह्यांत चौथा रकाना तसाच आहे. पण त्यात 'झालं' फार थोड्या ठिकाणी आहे. बाकी पानभर वरपासून खालपर्यंत एकच शब्द उतरत जातो, 'कळवलं'. कळवलं. कळवलं. कळवलं. काही ओळींपुढे तीन-तीन तारखा.

त्यातली पहिली वही उघडल्यावर पहिल्याच पानावर पहिली ओळ माझी होती. १५/३. माझं आडनाव, आणि काम: "आजींचा पत्ता, आधार. सही देता आली नाही." मी चिडून कोपऱ्यापर्यंत गेले असेन तेव्हा त्या हे लिहीत असतील. चौथ्या रकान्यात 'आमदारांकडे कळवलं, १६/३', आणि त्याखाली वेगळ्या पेनाने 'झालं, २२/३'. बावीसला रंगपंचमी होती. रंगाने ओल्या रस्त्यातून रिक्षा काढत मी आईला तिकडे नेलं होतं आणि आमदारांच्या कार्यालयातला मुलगा आमचं नाव सांगताच कागद तयार ठेवलाय म्हणाला होता. मला तेव्हा वाटलं, काय झटपट काम आहे यांचं.

मानपत्र मी शेवटी दीड पान लिहिलं. 'सुगंध' नाही, 'दूरदृष्टी' नाही. वॉलमनची चावी घातली, नऊ इंचाचा पाइप घातला, भिंत घातली. भिंत घालावी का यावर मंडळात वाद झाला. सत्काराच्या दिवशी असलं कशाला, असं दोघं-तिघं म्हणाले. मी म्हटलं, ताईंना विचारा. ताई म्हणाल्या, "राहू दे. आणि त्यात सोसायटीच्या सह्यांचं घालू नका." मग मी माझ्या एकटीच्या सहीचं घातलं. तेवढा हक्क माझा होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी हॉल भरला. वस्तीतल्या बायका पुढे सतरंजीवर, सोसायटीवाले मागे खुर्च्यांवर, आणि वॉलमन, जो आता निवृत्त झाला आहे, दाराशी उभा. निवडून आलेल्या नव्या नगरसेवकांपैकी दोघं आले होते. एक तर माझ्या मुलीच्या वयाची, भाषण न करता शेवटपर्यंत बसून राहिली. मी मानपत्र वाचलं. भिंतीच्या वाक्याला आवाज अडखळला, पण वाचलं. आईने हट्टाने यायचं ठरवलं होतं. शाल कुणी द्यायची यावर जरा धावपळ झाली, आणि पुढच्याच रांगेत असल्यामुळे ती तिच्याच हातात आली. चौऱ्याऐंशी वर्षांचे थरथरते हात आणि गुडघ्यांमुळे वाकून उभ्या असलेल्या ताई. शाल एका खांद्यावरून घसरली. ताईंनी ती सावरली, आईचा हात धरून ठेवला आणि टाळ्या चालू असतानाच कानाशी वाकून विचारलं, "आजी, पेन्शन येते ना वेळेवर?"

"येते गं," आई म्हणाली. "एक तारखेला. पण आमच्या जिन्यातला दिवा गेलाय बघ, तो सोसायटीचा आहे की तुझा?"